लग्नाच्या व्हिडिओंसाठी पहिला कॉम्प्युटर जुळवताना

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या वाचक भगिनी चार वर्षांपासून लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संकलन करतात. नवा कॅमेरा घेतल्यापासून जुन्या लॅपटॉपवर ४के चित्रीकरण अडखळते, म्हणून पोटाला चिमटा काढून त्यांनी १,२०,००० रुपये साठवले आहेत आणि सुटे भाग निवडून पहिलाच डेस्कटॉप जुळवून घ्यायचे ठरवले आहे. पुण्यातल्या, गेम खेळणाऱ्या आतेभावाने एक यादी पाठवली आहे. तीत इंटेलचा आय-५ १४४००एफ प्रोसेसर, १६ जीबीची एकच रॅम, १ टीबीची एसएसडी, लिक्विड कूलर, काचेचे कॅबिनेट आणि निम्म्याहून अधिक रक्कम खाणारे एनव्हिडियाच्या ४० मालिकेतले ग्राफिक कार्ड आहे. गावातल्या दुकानदाराचे कोटेशन पुष्कळ स्वस्त आहे. त्यात एच-६१० मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो बोर्ड) असून ५०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ‘कॅबिनेटबरोबरच’ येणार आहे. मॉनिटर दोन्हीकडे नाही, कारण घरात जुना टीव्ही आहे. मोठा भाऊ म्हणतो, की गावात लाइट सारखी जाते, तेव्हा लॅपटॉपच घे. त्या विचारतात, “मला यातले काही कळत नाही. एकदाच घ्यायचा आणि दहा वर्षे पुन्हा बघायचे नाही, असे ठरवले आहे. कोणाचे ऐकू?”

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो: “मला यातले काही कळत नाही.” हे वाक्य मला मान्य नाही. कोणत्या क्षणी चित्र अडकते, तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकावर एक लावले की काय होते, रंग सुधारताना किती थांबावे लागते आणि अंतिम फाइल निघायला किती तास जातात, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. आतेभावाची यादी त्याच्या कामासाठी योग्यच असेल आणि दुकानदाराचे कोटेशन त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला पुरतही असेल. परंतु तुमचा कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रीकरण करतो, हा प्रश्न दोघांपैकी एकानेही तुम्हाला विचारलेला दिसत नाही. यादी सुरू व्हायला हवी ती तिथून.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन संध्याकाळी द्या. पहिल्या दिवशी जुन्या लॅपटॉपवर तुमचा सर्वांत जड प्रोजेक्ट उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर सुरू करा आणि त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर नजर ठेवून चित्र चालवा. चित्र अडखळते त्या क्षणी प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडलेला असतो, की मेमरी भरलेली असते, की हार्ड डिस्क धापा टाकत असते, की ग्राफिक कार्डाच्या खाली दिसणारा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख छताला लागलेला असतो, हे कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यात तुमच्या कॅमेऱ्याची एक फाइल टाका आणि तीन नोंदी उतरवून घ्या: फाइल एच.२६४ आहे की एच.२६५ (चित्रीकरण दाबून साठवण्याच्या या दोन पद्धती), रंगखोली ८ बिट आहे की १० बिट, आणि क्रोमा सबसँपलिंगसमोर ४:२:० लिहिले आहे की ४:२:२. तुमच्या एक लाख वीस हजारांतले निदान अर्धे कुठे जावेत, याचा निकाल या तीन नोंदींत आहे.

तो कसा, ते सविस्तर सांगतो, कारण लग्नाचे काम करणाऱ्या अनेकांची फसगत नेमकी इथे होते. कॅमेरा प्रत्येक बिंदूचा उजेड स्वतंत्र नोंदवतो, पण रंगाची नोंद जागा वाचवण्यासाठी काटकसरीने करतो. ४:२:० मध्ये चार बिंदूंना मिळून रंगाची एक नोंद असते, तर ४:२:२ मध्ये दोन बिंदूंना एक. शालूच्या जरीवर किंवा हळद लागलेल्या गालांवर पुढे रंग सुधारायचे असतील, तर हा दुसरा प्रकार खरोखर उपयोगी पडतो, आणि अलीकडचे बरेच कॅमेरे तो १० बिटमध्ये देतात. मात्र अशा दाबून बसवलेल्या फाइली पुन्हा उलगडण्यासाठी चिपमध्ये खास त्याच कामाचे मंडल (सर्किट) असावे लागते. ते नसेल, तर सगळा भार प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र दहा-बारा फ्रेम पुढे जाऊन गोठते.

आता आतेभावाची यादी पुन्हा पाहा. एनव्हिडियाच्या ४० मालिकेतल्या कार्डांत, कितीही महाग कार्ड घेतले तरी, ४:२:२ उलगडण्याचे मंडल नाही. ते २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत आले. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जे अंगभूत ग्राफिक्स असते, त्यात एच.२६५ची १० बिट ४:२:२ फाइल उलगडण्याची सोय आहे. पण यादीतल्या १४४००एफ मधले शेवटचे ‘एफ’ हे अक्षर नेमके तेच अंगभूत ग्राफिक्स बंद असल्याची खूण आहे. गेम खेळणाऱ्याला त्याची गरज नसते, म्हणून तो ‘एफ’ घेऊन थोडे पैसे वाचवतो, आणि त्याचे बरोबरच आहे. तुम्ही तीच यादी जशीच्या तशी घेतली, तर निम्म्याहून अधिक रक्कम कार्डात घालूनही ज्या दुखण्यासाठी हा सारा खटाटोप आहे, ते दुखणे पुष्कळसे तसेच राहील.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे ‘एफ’ नसलेला इंटेलचा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला मध्यम किमतीचे कार्ड. या वाटेने गेलात, तर १४४०० ऐवजी १४५०० ची किंमतही विचारून ठेवा, कारण त्याच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये व्हिडिओची मंडले दोन आहेत आणि तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकत्र चालवताना त्याचा फरक पडू शकतो. दुसरी वाट म्हणजे ५० मालिकेतले साधे कार्ड, उदाहरणार्थ आरटीएक्स ५०६०, आणि त्याबरोबर इंटेल किंवा एएमडी यांपैकी जो परवडेल तो प्रोसेसर. तुमची फाइल एच.२६४ मध्ये १० बिट ४:२:२ असेल, तर इंटेलच्या वर सांगितलेल्या पिढ्यांचे मंडल तिला हात लावत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याच्या मेन्यूत एच.२६५ चा पर्याय असल्यास तो निवडावा किंवा दुसरी वाट धरावी. आणि मीडियाइन्फोने ८ बिट ४:२:० असे सांगितले, तर ही सगळी चिंता सोडून द्या. गेल्या कित्येक वर्षांतले जवळपास कोणतेही कार्ड तो भार उचलते, आणि मग तुमच्या अडखळण्याचे कारण मेमरीत किंवा डिस्कमध्ये शोधायला हवे.

आणखी एक शक्यता तुमच्या पत्रात नाही, ती सांगतो. प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी करण्याची सोय आहे. रात्री झोपताना मूळ फाइलींच्या लहान, हलक्या प्रती बनवायला लावायच्या, दिवसा त्या हलक्या प्रतींवर संकलन करायचे आणि शेवटी फाइल काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्रीकरण वापरते. जागा थोडी जास्त लागते आणि रात्र जाते, परंतु ही लग्नसराई जुन्या लॅपटॉपवर निभावून न्यायची असेल, तर याला एक रुपयाही लागत नाही. खरेदीची घाई अंगावर आलेली असताना आठ दिवसांची उसंत मिळाली, तरी चुकीची यादी मागे घेता येते.

आता तुमच्या दहा वर्षांविषयी. ही इच्छा मला समजते. कष्टाचा पैसा एकदाच जावा असे कोणालाही वाटते. पण संपूर्ण कॉम्प्युटरला एकच आयुष्य नसते, प्रत्येक भागाला आपापले असते. कॅबिनेट दहा वर्षे सहज टिकते, चांगला मॉनिटर सात-आठ वर्षे साथ देतो, चांगल्या एसएमपीएसला काही उत्पादक सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देतात. याउलट ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर चालू राहिले, तरी चार-पाच वर्षांत काम त्यांच्या पुढे निघून जाते. तुमचा कॅमेरा बदलला आणि चांगला चाललेला लॅपटॉप एका महिन्यात म्हातारा झाला, हे तुम्ही नुकतेच पाहिले आहे. दोन्ही याद्या या दृष्टीने उलट्या आहेत. जे भाग लवकर मागे पडणार, त्यांवर पैसा ओतला आहे, आणि ज्यांच्याकडून खरोखर दहा वर्षे मागता येतील, ते फुकटात किंवा उरल्यासुरल्या पैशात उरकले आहेत. ‘पुढे प्रोसेसर बदलता येईल’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यांचेही जरा जपून ऐका. एएमडीचा २०२२ मध्ये आलेला एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) या बाबतीत इंटेलच्या १४व्या पिढीच्या सॉकेटपेक्षा बरा आहे, कारण इंटेलने त्यानंतर सॉकेट बदलला. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी प्रोसेसर बदलायची वेळ येईपर्यंत बोर्डही बदललाच.

दुकानदाराच्या कोटेशनमध्ये मला सर्वांत जास्त खटकली, ती ‘कॅबिनेटबरोबर एसएमपीएस’ ही ओळ. ती वाचून मला माझा स्वतःचा पहिला कॉम्प्युटर आठवला. मीही असाच कॅबिनेटबरोबरचा एसएमपीएस घेतला होता. पावसाळ्यातल्या एका रात्री लाइट गेली आणि परत आली तेव्हा खोलीत जळक्या बेकेलाइटसारखा वास सुटला. एसएमपीएस गेला, तो जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला, आणि त्या डिस्कवर धाकट्या बहिणीच्या मुलाच्या बारशाचे एकमेव चित्रीकरण होते. बोर्ड मी पुन्हा घेतला. बारसे पुन्हा घेता आले नाही. तुमच्या डिस्कवर तर दुसऱ्यांची लग्ने असणार आहेत.

एसएमपीएस दुकानातच तपासायचा असेल, तर तो खोक्यातून काढून बाजूला लावलेला तक्ता वाचा. त्यात वेगवेगळ्या व्होल्टेजचे रकाने असतात. त्यांतला फक्त १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखाली लिहिलेल्या अँपिअरला १२ ने गुणा, कारण आजचे प्रोसेसर आणि कार्ड आपली बहुतेक वीज या एकाच ओळीवरून घेतात. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेल्या, पण १२ व्होल्टखाली २० अँपिअर असलेल्या डब्याची खरी ताकद २४० वॅट झाली. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार छापील आकड्याच्या अगदी जवळ येतो. तुमच्या कामाचा हिशोब असा आहे: पूर्ण भारावर प्रोसेसर साधारण १५० वॅट, आरटीएक्स ५०६० हे १४५ वॅट, आणि बोर्ड, डिस्क, पंखे मिळून आणखी साठ-सत्तर. म्हणजे बेरीज ३५० ते ३७० च्या आसपास जाते, आणि ५५० किंवा ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस तुम्हाला निवांत पुरतो. खोक्यावरचे ‘८० प्लस’ ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के किती वीज वाया जात नाही एवढेच सांगतात. आतल्या संरक्षणाची हमी ते देत नाहीत, म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षेही विचारा. पाच वर्षांपेक्षा कमी सांगितली, तर दुसरा दाखवायला सांगा. वायर सुट्या होणारा एसएमपीएस घेतला, तर दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या मॉडेलच्या वायर त्याला कधीही जोडू नका; टोके सारखी दिसतात, पण आतली जुळणी वेगळी असते आणि पहिल्याच क्षणी डिस्क जळू शकते.

यालाच जोडून तुमच्या दादांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांनी बोट ठेवले आहे ते खऱ्या अडचणीवर. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, आणि मांडवातल्या मांडवात संध्याकाळपर्यंत छोटी फिल्म दाखवण्याची कामे तुम्ही घेत असाल किंवा घ्यायची इच्छा असेल, तर मी दादांच्या बाजूने उभा राहीन. पण तुमच्या पत्रावरून काम घरी बसूनच होते असे दिसते. त्याच पैशात डेस्कटॉप अधिक वेगवान येतो, उन्हाळ्यात कमी तापतो, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. म्हणून मी डेस्कटॉपच्या बाजूने आहे, मात्र यूपीएसचे पैसे यादीत आधी लिहून. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, म्हणजे वरच्या बेरजेत मॉनिटर मिळवला की तो कमी पडतो. १००० व्हीएच्या पुढचा, साधारण ६०० वॅट देणारा घ्या आणि त्याच्याकडून फक्त काम जतन करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मागा. काही आधुनिक एसएमपीएसना स्वस्त यूपीएसमधून येणारी पायरीपायरीची वीज मानवत नाही आणि लाइट जाताक्षणी यूपीएस चालू असूनही मशीन बंद पडते. म्हणून यूपीएस घेताना परत करण्याची बोली करून घ्या आणि घरी आणल्या दिवशीच, जड काम चालू असताना, भिंतीवरचा स्विच बंद करून पाहा. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागे बहुधा यूपीएस मोडचे बटण असते; ते त्या बाजूला नसेल, तर बदल व्हायला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर मध्येच मान टाकतो. आणि या सगळ्याच्या आधी वायरमनला बोलावून त्या खोलीतले अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते, आणि मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात.

विदर्भातला मे महिना मी वेगळा सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना कोणताही कूलर, हवेचा असो वा लिक्विड, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नेहमीच्या भाराच्या हिशोबाने ६५ वॅटच्या वर्गात मोडणाऱ्या अशा प्रोसेसरला, पूर्ण भारावर तो वर सांगितल्याइतकी वीज घेत असला तरी, लिक्विड कूलरची गरज नाही. धातूच्या उभ्या पट्ट्यांचा आणि एका मोठ्या पंख्याचा साधा टॉवर कूलर पुष्कळ होतो. त्यात पंप नाही, म्हणून पंप बंद पडण्याची भीती नाही. पुढून काचेने बंद केलेल्या कॅबिनेटऐवजी जाळीचे घ्या, पुढे हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक एवढे असू द्या, आणि जाळीच्या आतली गाळणी महिन्यातून एकदा काढून झटका. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण उन्हाळ्यात ती हमखास होते: खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येईल असे मशीन ठेवू नका. त्या ओल्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार आणि क्षारही येतात, आणि दोन उन्हाळ्यांत बोर्डावर पांढरी पुटे दिसू लागतात.

रॅम ३२ जीबी हवी, आणि ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत हवी. एकच पट्टी लावली, तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बसवल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मेमरीला पूर्ण वेग देणारे सेटिंग, इंटेलसाठी एक्सएमपी किंवा एएमडीसाठी एक्स्पो, सुरू करावे लागते, नाहीतर तुम्ही पैसे मोजलेला वेग कधीच मिळत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली आणि कारखान्यांनी माल तिकडे वळवला. त्यामुळे महिन्याभरापूर्वीचे कोटेशन धरून बसू नका. दोन्हीकडून एकाच दिवशी नवे मागवा. रॅमसाठी पैसे कमी पडले, तर ते कार्डातून काढा. एच-६१० बोर्डावर मेमरीच्या दोनच खाचा असतात आणि जलद एसएसडीची जागा बहुधा एकच, म्हणून तुमच्यासाठी बी-७६० वर्गातला साधा बोर्ड योग्य. एएमडीकडे गेलात तर बी-६५०.

एसएसडीच्या खोक्यावरच्या वेगाने भारावून जाऊ नका. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेले चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेते, आणि ते वाचायला सेकंदाला साडेबारा मेगाबाइटचा वेग लागतो. तीन-चार कॅमेरे धरले तरी हा आकडा पन्नाशीच्या घरात राहतो, तर साधी तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला तीन हजारांच्या वर जाते. तुम्हाला सर्वांत महाग एसएसडी नको, दोन हव्यात. एकीवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली), दुसरीवर चालू लग्नाचे चित्रीकरण. तिसरी वस्तू म्हणजे मोठी, साधी हार्ड डिस्क, जिच्यावर प्रत्येक लग्नाची प्रत त्याच रात्री उतरवायची आणि पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हाती पडून त्याने पाहून झाल्याशिवाय पुसायची नाही. ही डिस्क मशीनच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असावी. माझ्या बारशाच्या गोष्टीतून तुम्ही एवढे घेतले, तरी मला फार बरे वाटेल.

जुन्या टीव्हीवर रंग सुधारण्याचा विचार कृपा करून सोडा. टीव्ही दुकानात उठून दिसावा म्हणून रंग चढवून दाखवतो. तुम्ही त्यावर हळद अगदी सोनेरी करून द्याल आणि नवरीच्या मामाच्या फोनवर ती हिरवट दिसेल. मग दोष तुमच्या हाताला लागेल. आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा), एसआरजीबीचे (पडद्यांसाठी ठरलेल्या प्रमाण रंगसंचाचे) रंग जवळपास पूर्ण दाखवणारा २४ किंवा २७ इंची मॉनिटर घ्या. त्यावर कार्डाची एक पायरी खाली उतरावी लागली तरी उतरा.

पैसे कमी पडू लागले, तर काय आधी सोडायचे, तेही लिहून ठेवा: रंगीत दिवे, लिक्विड कूलर, काच, बोर्डावरची सजावट, एसएसडीची नवी पिढी, आणि मग कार्डाची एक पायरी. विंडोजच्या परवान्याची किंमत दोन्ही याद्यांत नाही, ती विचारून घ्या. ‘टाकून देतो’ असे म्हणून दिलेली चोरटी प्रत अनेकदा व्हायरस बरोबर आणते, आणि तुमच्या मशीनवर इतरांच्या घरातल्या बायामुलींचे चित्रीकरण आहे. जुने, कार्यालयांतून निघालेले कॉम्प्युटरही स्वस्तात मिळतात, पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शिवाय त्यांच्या लहानशा एसएमपीएसवर कार्ड लावणे जिकिरीचे होते.

खरेदी कुठून करावी, हा शेवटचा प्रश्न. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काही भाग स्वस्त मिळतील आणि आतेभाऊ आनंदाने आणूनही देईल. तरी ऐन लग्नसराईत, फिल्म द्यायच्या आदल्या रात्री मशीन रुसले, तर तुमच्या दारात कोण येणार आहे, याचा विचार करा. माझे मत असे, की दुरुस्त केलेली यादी घेऊन गावातल्या दुकानदाराकडे जा, त्याला नेमके मॉडेल मागा, बदली ‘त्याच्यासारखे’ काही नको असे स्पष्ट सांगा, आणि त्याचा भाव हजार-दोन हजारांनी जास्त असला तरी त्याच्याकडूनच घ्या. जे त्याला मिळत नाही तेवढेच बाहेरून आणा आणि जोडणीची मजुरी वेगळी द्या. जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी उत्पादकाची आहे की दुकानाची, हे बिलावरच मागा.

जोडणी चालू असताना शेजारी बसा. लाजू नका, तुमचे पैसे आहेत. प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवतात आणि तो अलगद, आपल्या वजनाने बसू देतात. कोणी तो दाबू लागला, तर हात धरा, कारण सॉकेटमधली केसासारखी पिन वाकली तर बोर्डाची वॉरंटी गेली. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढला का, तेही पाहा. तो तसाच राहिल्यामुळे तापलेली मशीन मी स्वतः उघडली आहेत. मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लावायची. आणि तुम्ही इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सची वाट धरली असेल, तर कार्ड बसवल्यावर ते बायोसमध्ये बंद पडलेले नाही, हे टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही ग्राफिक्स दिसतात का यावरून खात्री करून घ्या.

तुळशीचे लग्न झाले की तुमचा फोन वाजू लागेल. त्याआधी निदान तीन आठवडे मशीन घरात यायला हवे. पहिल्या आठवड्यात त्यावर नवे काम घेऊ नका. गेल्या वर्षीचे सर्वांत मोठे लग्न उघडा, तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकत्र चालवा, रात्रभर पूर्ण फाइल काढायला लावा आणि सकाळी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. भाग सदोष असेल, तर तो बहुधा याच दिवसांत बोलतो, आणि तोवर सगळी खोकी, थर्माकोलसकट, माळ्यावर जपून ठेवलेली असावीत. मीडियाइन्फोच्या तीन नोंदी आणि दोन्ही नवी कोटेशने मला पाठवा. तुमच्या यादीवर मी ओळीओळीने लिहून देईन.